बॅटरीतली साय की खपली?

दादरहून
लालबागच्या एका मराठी शाळेत नववीच्या मुलांना लिथियम-आयन बॅटरी समजावून सांगायची आहे. अडले आहे एका शब्दापाशी: इंग्रजीत ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज’ म्हणतात त्या थराला मराठीत काय म्हणायचे? बॅटरी पहिल्यांदा चार्ज होते तेव्हा कार्बनच्या ॲनोडवर इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा द्रव) थोडा विघटित होतो आणि त्याचाच पातळ थर बसतो, काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडीचा. लिथियमचे आयन त्यातून पार होतात, इलेक्ट्रॉन अडतात, म्हणून पुढचे विघटन मंदावते. शब्दकोशातले ‘पटल’ मुलांना डोळ्यातल्या पडद्यासारखे वाटेल. ‘पापुद्रा’ कसा वाटतो?

(ॲनोडला ‘धनाग्र’ मुद्दामच म्हटले नाही. विद्युत अपघटनात ते ठीक, पण बॅटरी वापरताना तेच टोक ऋण असते.)

मुलुंडहून
ताई, पापुद्रा नको. पापुद्रा म्हटले की तो सुटणे आलेच, भाकरीचा असो की भिंतीच्या रंगाचा. शिवाय तो शब्द ग्राफाइटलाच लागणार आहे. ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक पापुद्रे, लिथियम त्यांच्यामध्ये जाऊन बसतो. प्रॉपिलीन कार्बोनेट हा द्रावक वापरला की तोही आयनांबरोबर आत घुसतो आणि हे पापुद्रे उकलतात. एथिलीन कार्बोनेट असले की थर घट्ट बसतो आणि ग्राफाइट टिकतो. कार्बनवरच्या या थराचा उलगडा 1990 साली कॅनडात जेफ डान आणि सहकाऱ्यांनी केला. एकाच वाक्यात दोन पापुद्रे आले तर मुलांनी काय समजायचे?

मी ‘साय’ म्हणेन. दुधाचीच साय, तशी इलेक्ट्रोलाइटचीच ही.

दादरहून
सर, पापुद्र्याचे पटले. पण साय दूध आणि हवा यांच्या मध्ये धरते, आणि आपण ती काढून घेतो तरी दुधाचे काही बिघडत नाही. इथे थर निघाला तर बॅटरीचे नुकसान होते. तळाला लागते ती खरवड जागेच्या दृष्टीने जवळची, पण ती कशाचे रक्षण करत नाही.

काल रात्री ‘खपली’ सुचली. रक्ताचीच बनते आणि रक्त थांबवते. क्रियापदही आयते मिळते: खपली धरते. चार्ज-डिस्चार्ज होताना ग्राफाइट फुगतो-आकसतो, थराला चिरा जातात, उघड्या पडलेल्या जागी तो पुन्हा धरतो, आणि दर वेळी थोडा लिथियम त्यात कायमचा अडकतो. खपली काढली की रक्त येते, हे प्रत्येक मुलाने गुडघ्यावर अनुभवलेले असते. जुन्या मोबाइलची बॅटरी लवकर का उतरते, याचे एक मोठे कारण तिथेच कळते.

मुलुंडहून
खपली बरी झाल्यावर गळून पडते, हा थर मात्र शेवटपर्यंत राहतो, सावकाश जाडही होतो. तेवढे वर्गात सांगा. बाकी शब्द मला मान्य, सायीचा हट्ट सोडतो.

एक मात्र जपा. इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये लिथियमसारख्या धातूंवरच्या अशा थराला नाव देताना ‘इंटरफेज’ म्हटले, ‘इंटरफेस’ नव्हे. इंटरफेस म्हणजे नुसती सीमा, तिला जाडी नसते. हा थर म्हणजे स्वतःची जाडी आणि घडण असलेला पदार्थ आहे. इंटरफेससाठीचे ‘आंतरपृष्ठ’ लिहिले तर नेमके तेच निसटते. खपलीला जाडी आहे.

दादरहून
मग फळ्यावर असे लिहीन: ‘कारखान्यातून बाहेर पडण्याआधी बॅटरी सावकाश चार्ज करतात, म्हणजे ग्राफाइटवर खपली नीट धरते.’