मदत हवी आहे: सांगाड्यातलं खरं हाड ओळखायचं कसं?

लिखाणाला एक दिवस सुट्टी देऊन काल संग्रहालयात डायनासोरचे सांगाडे बघायला गेले. टी. रेक्ससमोरून पायच निघेना! वाकून पाहिलं तेव्हा दातांच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसले. किती वेळ तेच बघत होते.

शिकागोच्या संग्रहालयातल्या 'स्यू' नावाच्या टी. रेक्सच्या सांगाड्यावर कवटीची प्रतिकृती आहे, कारण खरी फार जड, म्हणून ती वेगळी ठेवलीय, एवढं माहीत होतं. इथल्या फलकावर मात्र असं काहीच लिहिलेलं नव्हतं. मुलांसाठी गोष्ट लिहितेय, त्यात चुकीचं काही जायला नको.

हात न लावता खरं हाड आणि साच्यातून काढलेलं हाड कसं ओळखायचं? रंग, भेगा, लोखंडी आधार... नेमकं काय बघू? पुढच्या आठवड्यात पुन्हा जातेय, जाणकारांनी कृपया सांगा.