वन-आरकेमध्ये पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो, आता भिंतीलाही काळे ठिपके

वनआरके_तिसरामजला

अंधेरी पूर्वेला भाड्याने राहते. खोली १० × १२, छत साडेनऊ फूट. बाल्कनी नाही, स्लायडिंग खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. मशीन सेमी-ऑटोमॅटिक. आठवड्याचे सगळे कपडे रविवारी धुऊन आत स्टँडवर घालते, वर पंखा फुल्ल. तरी मंगळवारपर्यंत दमटच, आणि ऑफिसचे शर्ट इस्त्री केल्यावरही घामट वास मारतात. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. कापूर, डांबरगोळ्या, खडूचे डबे सगळं ठेवून झालं. एसी घरमालकाचा आहे पण बिल माझं. सप्टेंबरपर्यंत काढायचं कसं?

ओलीचा_हिशेब

पंखा पाणी नाहीसं करत नाही, ते कपड्यांतून उचलून खोलीत सोडतो. तुमची खोली साधारण ३२ घनमीटरची. २८ अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. जुलैत ८५ टक्के दमटपणा धरला तर २३ ग्रॅम आधीच भरलेली. उरली जागा ४ ग्रॅमची. म्हणजे खिडकी बंद असताना तुमची अख्खी खोली मिळून १३० ग्रॅम पाणी पिऊ शकते, एक छोटी वाटी. आता ३ किलो कपडे हाताने पिळले तर त्यांत ३ लिटरच्या आसपास पाणी राहतं. ती वाटी पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच भरते, मग पंखा नुसतीच ओली हवा फिरवतो. उरलेलं पाणी जातं गादीत, कपाटात आणि सगळ्यात थंड असलेल्या बाहेरच्या भिंतीत. ते काळे ठिपके बहुतेक त्यातलेच.

म्हणून क्रम असा. आधी पाणी मशीनमध्येच काढा. स्पिनर ५ मिनिटं चालवा, कपडे हलवून परत ५ मिनिटं. टब गच्च भरू नका, दोन-तृतीयांश पुरे, आणि वरची प्लॅस्टिकची चकती न विसरता दाबून बसवा, नाहीतर कपडे एका बाजूला जाऊन टब धडधडतो आणि वेग धरत नाही. नीट स्पिन झालं तर ३ किलोंमागे पाणी पावणेदोन-दोन लिटरवर येतं. फुकटात एक लिटर कमी.

दुसरं, रविवारचा ढीग बंद. दर दोन दिवसांनी किलो-दीड किलो धुवा. आठवड्याचं पाणी तेवढंच, पण एका वेळी खोलीवर भार पडत नाही.

तिसरं, हवा बाहेर काढा. बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्या काढून ६ इंची एक्झॉस्ट बसवा, बाथरूमचं दार उघडं ठेवा आणि खिडकी चार बोटं सरकवून ठेवा. हवा आत यायला वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसता आवाज करतो. खोक्यावर तासाला २५० घनमीटर लिहिलेलं असलं तरी जाळी-झडप लावल्यावर १५० धरा. कागदावर दोन लिटर साडेतीन तासांत जायला हवं, प्रत्यक्षात आठ-नऊ तास लागतात, कारण प्रत्येक घनमीटर काही पोटभर पिऊन बाहेर जात नाही.

धोबीघाट_विज्ञान

वासाचं मी सांगतो. तो बुरशीचा नाही, बॅक्टेरियाचा. मोरॅक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीव कापडात तग धरून असतो. इस्त्रीने कोरडा झालेला शर्ट घामाने किंवा हवेने ओलावला की परत सुरू. कपडे दहा-बारा तासांपेक्षा जास्त ओले राहिले की त्याला मोकळं रान. त्यामुळे सेंट, कंडिशनर, अँटिसेप्टिकचं टोपण वगैरे ओतून काही होत नाही. कंडिशनरने तर टॉवेलवर मेणचट थर बसतो आणि पाणी शोषायचं बंद होतं.

वास बसलेले सुती कपडे असे सोडवा: गीझर पूर्ण तापवा (बहुतेक गीझर ६० अंशांच्या आसपास बंद होतो), ५ लिटर पाण्यात एक मोठा चमचा ऑक्सिजन ब्लीच पावडर (क्लोरीनवालं ब्लीच नव्हे), अर्धा-पाऊण तास भिजत, मग नेहमीसारखं धुणं. रंग जाणारे, लोकर, रेशीम यात घालायचे नाहीत. जिमचे पॉलिस्टर कोमट पाण्यातच, पण घामट अवस्थेत बादलीत साठवायचे नाहीत. दोरीवर टाकून मग बादलीत.

डिटर्जंट पाकिटावर लिहिलंय त्याहून कमीच घ्या. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये खळबळणं आपल्या हातात असतं आणि तिथेच सगळे घाई करतात. फेस उरला की तो जंतूंचं जेवण. धुऊन झाल्यावर दोन्ही झाकणं उघडी, लिंटची पिशवी उलटी करून साफ.

घालायची पद्धतही बघा. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. लांब कपडे स्टँडच्या कडेला, आखूड मध्ये, म्हणजे खालून हवा वर चढते. जीन्स उलटी करून कमरेला चार चिमटे लावून नळकांड्यासारखी उघडी टांगा. खिशाची अस्तरं बाहेर. टेबल फॅन स्टँडच्या खालून तिरपा, छताचा पंखा वरच्याच कपड्यांना लागतो.

आणि टर्किश टॉवेल चार महिने माळ्यावर टाका. पंचा वापरा. पिळला की निम्मा वाळला. सोलापुरी चादर जुलैत धुवायला काढणं म्हणजे संकट घरी बोलावणं, त्यापेक्षा ती किलोवर धुऊन ड्रायरने वाळवून देणाऱ्याकडे द्या.

स्लॅब_मोजणारी

एक्झॉस्टला हरकत नाही, पण मुसळधार लागला की बाहेरची हवा ९५ टक्क्यांच्या पुढे असते. तेव्हा खिडकी उघडून तुम्ही ओल आत बोलावताय. त्या दिवसांत उलटं करा: खिडकी बंद, एसी ड्राय मोडवर, कपडे एसीच्या झोतात. ड्रेन पाइपखाली बादली ठेवून किती पाणी निघतं ते मोजा. तासाला अर्धा लिटरसुद्धा येत नसेल तर फिल्टर धुवा.

बिलाचं म्हणाल तर एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. आपल्याकडे १०० युनिटनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी. रोज तीन तास एसी म्हणजे महिन्याला ८०-९० युनिट वर. दिवसाला १०-१२ लिटरवाला डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) तासाला साधारण पाव युनिट घेतो, रोज सहा तास म्हणजे ४५ युनिट. पण तो खोली गरम करतो, आणि १०-१२ लिटर हा आकडा ३० अंश, ८० टक्क्यांना मोजलेला असतो. घ्यायचाच तर आधी हवेतला दमटपणा दाखवणारा एक साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. ६० टक्क्यांखाली गेलं की बंद. आकडा न बघता चालवणं म्हणजे अंधारात पैसे जाळणं.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटापुरते ठीक, एक डबा अर्धा लिटर ओढतो. खोलीत उघडे ठेवले तर समुद्र उपसताय. आणि भरलेला डबा सांडला तर ते पाणी चामडं खराब करतं. कापूर आणि डांबरगोळ्यांचा ओलीशी संबंध नाही, त्या किड्यांसाठी.

ओलीचा_हिशेब

मुसळधारीचं मान्य. एक्झॉस्ट आणि एसी एकत्र मात्र चालवू नका, विकत गार केलेली हवा बाहेर फेकाल.

भिंत_बोलते

ठिपक्यांबद्दल घाईने निष्कर्ष नको. ती भिंत पश्चिमेची असेल तर नैऋत्येचा वारा पाऊस थेट तिच्यावर मारतो. आधी तपासा. एक फुटाचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा, ४८ तास ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आले तर वरचा हिशेब खरा. पांढरी भुकटी म्हणजे लोणा दिसला, पोपडे सुटत असले, तर तो भिंतीतलाच प्रकार. तीन-चार दिवस उघडीप मिळूनही डाग ओलाच राहिला तर पाऊस नाही, वरच्या मजल्याची नहाणी किंवा पाइप.

बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) सोसायटीच्या खर्चात येतं. पण सभासद घरमालक आहे, तुम्ही नाही. तारखेसकट फोटो घरमालकाला ईमेलने, आणि सेक्रेटरीला पत्र त्यांच्याच सहीने. फक्त व्हॉट्सॲपवर सांगू नका, डिपॉझिट कापायच्या वेळी भिंतीचा विषय निघतोच. आतून वॉटरप्रूफ रंग मारून देतो म्हणाले तर नको म्हणा. ओल्या भिंतीवरचा रंग दोन महिन्यांत फुगतो. काम बाहेरून, दिवाळीनंतर, भिंत सुकल्यावर.

तोवर कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. बुरशी कोरडी घासायची नाही, कण सगळीकडे उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी. एक भाग घरगुती ब्लीच, दहा भाग पाणी, फडक्याने ओलं पुसून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने. डिस्टेंपरचा रंग थोडा उडेल, कोपऱ्यात करून बघा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळायचा नाही, क्लोरीन वायू निघतो.

वनआरके_तिसरामजला

व्हेंटिलेटर डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत) उघडतो, तिथे सगळ्यांच्या बाथरूमची हवा. चालेल? नाहीतर खिडकीच्या काचेला भोक?

ओलीचा_हिशेब

डक्ट वरून उघडा असेल तर चालेल, फक्त आपोआप मिटणाऱ्या झडपेचा एक्झॉस्ट घ्या, बंद असताना वास उलटा येणार नाही. काचेला भोक नको. पश्चिमेचा वारा पाऊसच आत ढकलेल. तरी खिडकीतच बसवावा लागला तर एका पल्ल्याची काच काढून तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक बसवा, बहुतेक ५ मिमी, त्यात गोल कापून घ्या आणि बाहेरून पावसाची टोपी लावा. मूळची काच आणि व्हेंटिलेटरच्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा, घर सोडताना परत बसवाव्या लागतील.