मदत हवी आहे : धान्याच्या वर्गणीची पावती कशी फाडायची?

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातलं (जि. यवतमाळ) आमचं गाव. सरकारी दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना संध्याकाळी पोळी-भाजी देणारी लहानशी संस्था आम्ही सात-आठ जण चालवतो. धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे, बँकेत खातं आहे, आयकर खात्याकडं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात सवलत) झालंय.

आमच्याकडे हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर नाहीतर कापूस विकल्यावर. जून-जुलैत वर्गणी मागायला गेलं की लोक चहा पाजतात आणि आभाळाकडे पाहतात. म्हणून औंदा रोख मागितलीच नाही. तूर निघाल्यावर ट्रॅक्टर फिरवला, घरटी एक पायली तूर नाहीतर ज्वारी. लोकांनी हात आखडला नाही. एक आजी पदरातून दोन मुठी तूर घेऊन आली, म्हणाली, "लिहून घे बाप्पा, म्या बी देलं."

घोळ इथंच झाला. वहीत नावं लिहिली, माप लिहिलंच नाही. ज्वारी स्वयंपाकाला ठेवली, तूर बाजार समितीत विकली. अडत्याची हिशेबपट्टी आहे, पण गावात कुजबूज सुरू : जमली किती, विकली किती, मधली कुठं गेली? त्यात आमच्या एका सभासदानं उत्साहात स्वतःच्याच फोनचा स्कॅनर किराणा दुकानात चिकटवला. मन साफ आहे त्याचं, पण पैसे त्याच्या खात्यात. मी तो काढायला लावला, तर आता तो बोलत नाही.

पुण्यात नोकरीला असलेली गावची पोरं ८०जीची पावती मागतात. त्यांना ती द्यायची कशी? आणि आजीच्या दोन मुठींची पावती कोणत्या हिशेबानं फाडायची?

प्रतिसाद १
८०जीची सवलत पैशाच्या देणगीलाच मिळते, धान्याला नाही. रोख असेल तर २००० रुपयांपर्यंतच, त्यावर चेक किंवा ऑनलाइन, तेही संस्थेच्याच खात्यात. देणगीदाराचा पॅन घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०बीडी (देणग्यांची माहिती देणारा आयकराचा फॉर्म) भरायचा, मग देणगीदाराला द्यायचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. पोरांना हेही विचारा, कर नव्या पद्धतीनं भरता की जुन्या? नव्या पद्धतीत ही वजावट नाही, उगाच पावतीमागे धावतील.

प्रतिसाद २
धान्याची पावती वेगळ्या पुस्तकात फाडा, वजनानं. रुपये लिहू नका. ट्रॅक्टरवर वजनकाटा ठेवा, घरासमोर मोजा, पावती तिथंच हातात. दोन मुठी म्हणजे पावशेर भरली तर पावशेर लिहा. विक्रीची हिशेबपट्टी झेरॉक्स करून देवळाच्या फळ्यावर लावा, अडत-हमाली कापलेली दिसू द्या. आमच्याकडे (वाशीम) पहिल्या वर्षी असंच झालं होतं. सभासदाच्या खात्यात आलेले पैसे त्यानं एकरकमी संस्थेकडे वळते करावेत, सोबत स्टेटमेंट.

धागाकर्ता
धन्यवाद राजेहो. हिशेबपट्टी उद्याच लावतो. सभासदाकडे स्टेटमेंट मागायला मात्र मी एकटा जाणार नाही, त्याच्या मोठ्या भावाला सोबत नेतो. एकच शंका राहिली : औंदाच्या ज्यांचं माप लिहिलंच नाही, त्यांच्या नावापुढे काय लिहू? अंदाजे लिहिलं तर पुन्हा बोंब होईल.

प्रतिसाद २
अंदाज नकोच. "धान्य मिळाले, वजन केले नाही" असं लिहा आणि खाली एकूण विक्रीचं वजन. आजीचं नाव सोडू नका.