मदत हवी आहे: पत्रिकेवर राणी रंग जांभळट का येतोय?

मृण्मयी_क
बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः केली आहे. तिच्या पैठणीचा राणी रंग पत्रिकेला हवाय. स्क्रीनवर अगदी झळझळीत दिसतो, पण प्रूफ आलं ते वांग्याच्या सालीसारखं. दोनदा काढलं, दोन्ही वेळा तेच. छपाईवाले म्हणतात फाइलच तशी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत फायनल द्यायचंय. कोणता नंबर टाकू एवढंच सांगा, प्लीज.

छापखाना_नाना
कागद कुठला? प्रती किती? डिजिटल की ऑफसेट? फाइल आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) की सीएमवायके (छपाईच्या चार शाया: निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळी, काळी)? हे कळल्याशिवाय नंबर सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

दिगंत
मुळात राणी, म्हणजे मजेंटा, इंद्रधनुष्यात नाहीच. लाल एका टोकाला, जांभळा दुसऱ्या टोकाला. मधला हिरवा गायब असताना डोळ्यात लाल आणि निळा एकत्र शिरले, की मेंदू हा रंग तयार करतो. त्याला स्वतःची एक तरंगलांबी नाही. त्यामुळे त्याचा 'खरा' नंबर शोधण्यात अर्थ नाही.

शाई_आणि_जाळी
दिगंत, तरंगलांबी नसली म्हणून रंग खोटा होत नाही. मजेंटाची शाई डब्यातून मिळते, मी रोज ढवळतो. ताई, सरळ स्क्रीन प्रिंटिंग करा, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापतात ते. राणी शाई तयार मिळते, पाहिजे तर थोडी फ्लोरोसंट मिसळून देतात. वर सोनेरी फॉइल. लग्नपत्रिकेला याच्यासारखं दुसरं काही नाही.

मृण्मयी_क
कागद चांगला आहे, जाड. फाइल पीडीएफ. रंग मी साडीच्या फोटोवरून अ‍ॅपमध्ये निवडला, लाल २५५, हिरवा ०, निळा २५५. प्रती ३००.

छापखाना_नाना
इथेच गोम आहे. हा रंग पडद्यावरच्या उजेडाचा आहे, शाईत तो बसत नाही. मशीनकडे जाताना सॉफ्टवेअर जवळचा रंग शोधतं आणि त्यात सायन घुसवतं. बहुतेक २५-३० टक्के सायन आणि ८० च्या आसपास मजेंटा झालं असेल. प्रूफ भिंगाखाली धरा, गुलाबी ठिपक्यांत निळे ठिपके दिसतील. तोच तुमचा जांभळट.

मृण्मयी_क
भिंग नाही, पण फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन झूम केलं. खरंच निळे ठिपके आहेत! पीडीएफमध्ये सायन २७, मजेंटा ८२ दाखवतंय.

छापखाना_नाना
मग सायन शून्य करा, काळा शून्य, मजेंटा १००. एकाच शाईचा सपाट थर पडतो, ठिपके उरतच नाहीत. त्यावर पांढरी अक्षरं सोडलीत तर कडाही स्वच्छ येतात. दोन शाया मिसळून केलेल्या रंगात बारीक अक्षरं सोडली आणि एक शाई केसभर जरी सरकली, तरी अक्षराला दुसऱ्या रंगाची कड येते. आणि जाड म्हणजे कुठला कागद ते अजून सांगितलं नाहीत. गुळगुळीत, की खरबरीत?

आवडती_अबोली
तुम्ही ज्याला राणी म्हणताय तो गुलबक्षी नाही ना? आमच्या घरी राणी म्हणजे गुलाबीकडे झुकणारा आणि गुलबक्षी म्हणजे संध्याकाळी उमलणाऱ्या त्या फुलाचा, जरा जांभळ्याकडे जाणारा. साडीच्या दुकानात दोन्हीला सर्रास राणी म्हणतात. आणि कोकमाच्या साराचा रंग आणखी वेगळा.

इतिहासवेडा
नावाचीही कथा सांगतो. इटलीत मिलानजवळ माजेंता नावाचं गाव आहे. ४ जून १८५९ ला तिथे फ्रेंच आणि सार्डिनियाच्या फौजांनी ऑस्ट्रियाला हरवलं. त्याच साली फ्रान्समध्ये व्हेर्गँ या रसायनशास्त्रज्ञाचा नवा रंग बाजारात आला. आधी त्याला फ्यूशियाच्या फुलावरून फ्युक्सिन म्हणत, पुढे लढाईवरून मजेंटा नाव पडलं. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा कृत्रिम जांभळा १८५६ चा, म्हणजे कृत्रिम रंगांचं युग नुकतंच सुरू झालं होतं. आज जर्मनीच्या डॉइचे टेलिकॉमने तर या रंगाचा ट्रेडमार्क घेतलाय. एकच सपाट रंग, लांबूनही ओळखू येतो.

मृण्मयी_क
इतिहास छान आहे, पण माझी पत्रिका अडकली आहे. कागद खरबरीत आहे, हस्तिदंती रंगाचा. हे महत्त्वाचं आहे का?

छापखाना_नाना
फार! हस्तिदंती कागदात पिवळा आधीच आहे. मजेंटा १०० त्यावर पडला की थोडा लालसर दिसणार, म्हणून पिवळी शाई अजिबात टाकू नका. पांढऱ्या कागदावर मी कधी कधी १० टक्के टाकतो. खरबरीत कागदावर रंग थोडा बसकाही दिसतो. प्रूफ त्याच कागदावर काढलं होतं का?

मृण्मयी_क
नाही, साध्या, गुळगुळीत आर्ट पेपरवर.

छापखाना_नाना
मग आधी त्या कागदाचा एक तुकडा घेऊन जा. ३०० प्रती डिजिटललाच निघतात, तेव्हा ज्या मशीनवर काम करणार त्याच मशीनवर प्रूफ काढा.

शाई_आणि_जाळी
एवढं करण्यापेक्षा स्क्रीन. ३०० ला परवडतं.

छापखाना_नाना
त्यांनी मागे छटांचं नक्षीकाम केलं असेल तर जाळीत ते कसं उतरणार? प्रत्येक वेळी स्क्रीन, स्क्रीन.

शाई_आणि_जाळी
नक्षी आहे असं त्या कुठे म्हणाल्या?

मृण्मयी_क
नक्षी आहे. मागे मोर आणि कडेने वेल, गडद होत जाणारी.

सुलभाकाकू
पत्रिका राणी रंगाची कशाला? कुंकवाचा लाल किंवा हळदीचा पिवळा घ्यावा. वडीलधाऱ्यांच्या हातात पत्रिका जाते, मंगल वाटायला हवी.

आवडती_अबोली
काकू, जोतिबाच्या यात्रेत उधळतात तो गुलाल गुलाबीच असतो की. तो मंगल नाही का?

सुलभाकाकू
गुलालाचं खरं आहे. पण पहिल्या पानावर गणपती लाल असावा.

घरचा_प्रिंटर
मजेंटाचं कार्ट्रिज मध्येच संपतं त्यावर काही उपाय? सहा महिने झाले, सुटे कार्ट्रिज घेऊन कंटाळलो.

येवल्याची_सून
मृण्मयी, एक गोष्ट कोणीच विचारली नाही. पैठणी एकरंगी आहे की धूपछाँव? धूपछाँव असेल तर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, पदर हलवला की रंग बदलतो. फोनने फोटो काढून त्यातून रंग उचलला असशील तर त्या क्षणी जी बाजू चमकली तिचा रंग आला. ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा काढ. पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीत बघ, ट्यूबलाइटखाली नको.

मृण्मयी_क
आत्ताच बघितलं. अंगावर काटा आला. उभा धागा चक्क राणी, आडवा वांगी! म्हणजे मी फोटोत पकडला तो दोन्हीतला मधला होता. ताई, साडी धूपछाँव आहे हे मला माहीत होतं, सांगायचं सुचलंच नाही.

येवल्याची_सून
अगं, आम्हाला रोजचं म्हणून लगेच दिसतं. दोन्ही धागे कागदाला चिकटवून जपून ठेव.

छापखाना_नाना
आता सोपं झालं. जमीन, म्हणजे पत्रिकेचा मागचा सपाट रंग, मजेंटा १००; तो ताणा. वेलीत थोडा सायन घाला, म्हणजे बाणा. ज्या जांभळ्याने तुम्हाला त्रास दिला, तोच वेलीच्या कामी येईल. साडीत दोन धागे आहेत तसे पत्रिकेतही दोन रंग. जाताना धागे बरोबर न्या. प्रूफ हातात आलं की दारात येऊन उजेडात बघा, आतल्या दिव्याखाली ठरवू नका.

दिगंत
याला मेटामेरिझम म्हणतात. एका दिव्याखाली दोन रंग सारखे, दुसऱ्याखाली वेगळे. नानांचं दारात बघायचं बरोबर आहे. मी नंबरबद्दल म्हणालो ते मागे घेतो, छापताना नंबर लागतोच.

इतिहासवेडा
पत्रिका उन्हात ठेवू नका. साध्या छपाईच्या शायांमध्ये मजेंटा आणि पिवळा उन्हाने लवकर उडतात, म्हणून भिंतीवरची जुनी पोस्टर निळसर दिसतात.

मृण्मयी_क
सकाळी ११ ला प्रूफ काढलं, त्याच हस्तिदंती कागदावर. जमीन मजेंटा १००, बाकी शून्य. वेलीला सायन ३०. दुकानाच्या पायरीवर येऊन उभा धागा जमिनीवर ठेवला, तर तो शोधावा लागला. आडवा वेलीशी जुळतोय, किंचित गडद आहे, पण चालेल. गणपती लाल ठेवलाय, सुलभाकाकू. छपाई सुरू झाली.

शाई_आणि_जाळी
छान. सायन ३० बरोबर वेलीत मजेंटा किती?

मृण्मयी_क
तिथेही १०० च.