मदत हवी आहे : ओट्सच्या कुकीज ट्रेमध्ये पसरतात आणि बेदाणे करपतात

गोदाकाठ :
नमस्कार. ओट्स, कणीक, बेदाणे, अक्रोड आणि बदाम घालून मी घरी कुकीज करते. ओव्हनमध्ये ठेवल्यावर गोळे पसरून एकमेकांना चिकटतात, कडेचे बेदाणे फुगून काळे पडतात व कडू लागतात आणि मधला भाग मात्र मऊच राहतो. रविवारी भाऊ नाशिकहून पुण्याला परत जाणार असून त्याच्याबरोबर डबा द्यायचा आहे, त्यामुळे कृपया नवी पाककृती न सुचवता नेमके काय बदलावे तेवढेच सांगावे.

जुनी_तांबट :
घरच्या ओव्हनचा नाद सोडावा. आमच्याकडे दिवाळीआधी नानकटाईचे पीठ बेकरीच्या भट्टीत भाजायला नेत असत आणि तशी खुसखुशीत नानकटाई मला घरी कधीही जमली नाही. आपणही ओळखीच्या बेकरीत विचारून पाहावे.

मोजूनमापून :
ओव्हन कोणता, तापमान किती, लोणी वापरता की तूप, साखर घालता की गूळ आणि ओट्स जाडे की झटपट शिजणारे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात तीर मारणे आहे.

गोदाकाठ :
ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, तापमान २०० अंश. मूळ कृतीत १०० ग्रॅम लोणी होते, त्याऐवजी तितकेच साजूक तूप पातळ करून घालते. गुळाची पावडर आणि जाडे ओट्स वापरते. बेकरीत जायला वेळ नाही.

मोजूनमापून :
मग कारण तुपातच आहे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, तूप मात्र जवळजवळ निव्वळ स्निग्धांश असते, म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ते ८५ ग्रॅम तूप पुरते आणि पीठ फारच कोरडे वाटले तर चमचाभर दूध घालता येते. तूप पातळ न करता थिजलेले घ्यावे, गुळाबरोबर फेटावे आणि मळलेले पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवावे; तेवढ्या वेळात जाडे ओट्स ओलावा शोषतात आणि तूपही घट्ट होते, त्यामुळे गोळा वितळून पसरण्याआधी कडा धरतात. तापमान १७५ अंशांवर आणावे, कारण गुळाचा रंग लवकर चढतो.

जुनी_तांबट :
तूप कमी केले तर खुसखुशीतपणा जाईल. नानकटाईत तूप सढळ हातानेच घालतात.

मोजूनमापून :
नानकटाईत ओट्स नसतात आणि तिचे पीठही घट्ट असते, त्यामुळे तो हिशेब येथे लागू होत नाही.

निफाडचा_बेदाणा :
आम्ही घरच्या द्राक्षांचे बेदाणे करतो, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो. हिरवट बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून वापरतात ते तेल) यांच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळवतात, त्यामुळे वापरण्याआधी ते धुवावेतच. कोमट पाण्यात १० मिनिटे भिजवून, निथळून, फडक्यावर पूर्ण कोरडे करावेत. गोळा वळल्यावर वर दिसणारे बेदाणे बोटाने आत ढकलावेत, कारण उघडा राहिलेला बेदाणाच आधी करपतो.

आरोग्यम् :
गूळ वापरला म्हणून मधुमेहींनी या कुकीज निर्धास्त खाऊ नयेत. गुळानेही रक्तातील साखर वाढते.

गोदाकाठ :
घरी कोणालाही मधुमेह नाही, तरी आभार. मला एवढेच सांगावे की मधला भाग मऊ असताना ट्रे बाहेर काढायचा का? मी तो घट्ट होईपर्यंत आत ठेवते आणि तोवर कडा जळतात.

मोजूनमापून :
होय, काढायचा. वरखाली दोन्ही कॉइल चालू ठेवून, ट्रे मधल्या खाचेत सरकवून, १२ मिनिटांनी पाहावे. कडा बदामी झाल्या आणि मध्यभाग दाबल्यावर दबला तरी ट्रे बाहेर घ्यावा. पाच-सात मिनिटे कुकीज ट्रेवरच राहू द्याव्यात आणि मग जाळीवर काढाव्यात, त्या गार होताना घट्ट होतात. आधी दोनच कुकीज भाजून पाहाव्यात, म्हणजे आपल्या ओटीजीचा अंदाज येईल. अक्रोड आधी मंद आचेवर भाजून घ्यावेत आणि कुकीज पूर्ण गार झाल्यावरच डबा भरावा, नाहीतर आतल्या वाफेने त्या पुण्याला पोहोचेपर्यंत सादळतील.