डेस्कटॉपचं वाय-फाय कार्ड रुसलंय? तुमचे अनुभव इथे लिहा

राजवाड्याकडच्या जुन्या घरांत जाड भिंतींतून केबल ओढणं अवघड, म्हणून इंदूरात बरेच जण डेस्कटॉपमध्ये वाय-फाय कार्ड बसवतात. ते बिघडलं की पहिला सल्ला ठरलेला : 'विंडोज नवीन टाका.' तो इथे नको. लक्षण काय, कारण काय, उपाय काय, तेवढंच लिहा.

खटपट्या
कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या सुट्या भागांच्या यादीत, दिसतच नसेल तर ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागू नका. ड्रायव्हर नसलेलं कार्डसुद्धा तिथे 'नेटवर्क कंट्रोलर' म्हणून पिवळ्या खुणेसह येतं. काहीच नाही, म्हणजे मदरबोर्डाला कार्ड सापडलेलंच नाही. पीसी बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. स्लीपनंतर गायब झालेली कार्डं पुष्कळदा एवढ्यावर परत येतात. नाही आलं तर कार्ड काढून सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने पुसा, भुगा झटका आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.
बोर्डाचं मॅन्युअलही उघडा. काही बोर्डांवर दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमध्ये (एसएसडीच्या पट्टीची खाच) एसएसडी बसवली की एक पीसीआय-ई स्लॉट (वाय-फाय कार्ड बसतं ती खाच) बंद पडतो. 'एसएसडी लावली आणि वाय-फाय गेलं' हे अशा वेळी शब्दशः खरं असतं.

सुदामानगरकर
खटपट्याभाऊ, यात एक भर. सिल्व्हर मॉलमध्ये, आपल्या इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, सुटं मॉड्यूल (कार्डावरची वाय-फायची छोटी चकती) घेताना नंबर नीट वाचा. इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २१० साध्या पीसीआय-ईवर चालतात, एएमडीच्या बोर्डावरसुद्धा. एएक्स २०१ आणि २११ ला मात्र ठरावीक इंटेल चिपसेटच (बोर्डावरची मुख्य चिप) लागतात, कारण वाय-फायचा निम्मा कारभार त्या चिपसेटमध्येच असतो. दिसायला सगळी सारखी. चुकीचं लावलं तर जळत नाही, फक्त सापडत नाही, आणि माणूस दिवसभर ड्रायव्हर शोधत बसतो.

रेंजवाली
कार्ड दिसतं, नेटवर्कही दिसतं, पण राउटर शेजारच्या खोलीत असून एकच काडी? आधी अँटेना बघा. बाहेरच्या दोन्ही हाताने घट्ट फिरवा, पक्कड नको. मग पत्रा उघडून मॉड्यूलवरच्या दोन बारीक वायरींची टोकं तपासा. ती टिचकीसारखी बसतात, तिरकी दाबली तर वाकतात, आणि पुन्हापुन्हा काढघाल सोसण्यासाठी ती बनवलेलीच नाहीत.
दुसरं कारण जागेचं. अँटेना कॅबिनेटच्या मागे, कॅबिनेट टेबलाखाली, मागे भिंत : पत्रा सिग्नल अडवतो. चुंबकी बूड आणि मीटरभर वायर असलेली अँटेना टेबलावर आणा. फरक आकड्यात बघा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) : उणे ५० डीबीएम उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला नुसता जीव टांगणीला.

जुना_मेकॅनिक
वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच तुटत असेल तर जवळची यूएसबी ३ हार्डडिस्क काढून बघा. तिचा गोंगाट त्याच पट्ट्यात पसरतो. पेनड्राइव्हएवढ्या वाय-फाय डोंगलला तर हा त्रास हमखास, त्याला एक्स्टेन्शन वायरवर लांब न्या. राउटरला चॅनेल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ द्या.

मधुरा_इं
ब्लूटूथ नाही पण वाय-फाय आहे? कार्डासोबत आलेली छोटी वायर बोर्डाच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला लावलेली नसणार. ब्लूटूथ तिथूनच चालतं.

खटपट्या
मधुराताई, बरोबर. पुष्कळ जण ती वायर खोक्यातच ठेवतात.
ड्रायव्हरचंही सांगून टाकतो. नेट नसताना ड्रायव्हर आणायचा कुठून? मोबाइल यूएसबीने जोडा आणि टिथरिंग (मोबाइलचं नेट पीसीला देणं) चालू करा, नेट मिळतं. कंपनी कळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १४सी३ मीडियाटेक. मधेमधे तुटत असेल तर तिथल्याच पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी खूण काढा.

सुदामानगरकर
नवा राउटर आणल्यावर जुन्या कार्डाला घरचं नेटवर्कच दिसेना, तर कार्ड फेकू नका. जुने ड्रायव्हर कधीकधी वाय-फाय ६ ची नेटवर्कं दाखवतच नाहीत. ड्रायव्हर बदला. नसेल मिळत तर राउटरमध्ये २.४ साठी एएक्स मोड (म्हणजे वाय-फाय ६) बंद करा आणि सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए ३ वरून डब्ल्यूपीए २ व ३ मिश्रवर आणा.