मदत हवी आहे: १२ बोरच्या जुन्या दोननळीला २० बोरच्या नळ्या बसवाव्या का?

नमस्कार मंडळी,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. घरी आजोबांची बर्मिंगहॅमची दोननळी बंदूक आहे. १२ बोर (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक), बाहेरून घोडे असलेली. आजोबांनंतर ती रीतसर बाबांच्या लायसन्सवर चढली.

नळ्या डमास्कसच्या आहेत, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून गोल गुंडाळलेल्या. नीट पुसलं की अंगावर लाटा दिसतात. खाली शंकरपाळ्याच्या आकारात १२ आणि सी असा शिक्का आहे. हा शिक्का १८८७ पासून मारत, त्यामुळं बंदूक त्यानंतरची. पण ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का, कुठंच नाही. बंदूक काळ्या दारूसाठी तपासलेली, आणि आज दुकानात मिळतं ते बिनधुराच्या दारूचं काडतूस, तेही बहुधा ७० मिमीचं. जुनी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा ६५ मिमीची असतात. म्हणून मी बाबांना ती वाजवू देत नाही. तुरीत रोही (नीलगायी) अन् डुकरं शिरली की बाबा बंदुकीकडं बघतात, मग फटाके फोडतात.

नागपूरच्या एका कारागिरानं सुचवलं की जुन्या नळ्या काढून ठेवा, त्याच बॉडीवर पोलादी २० बोरची जोडी बसवू. १२ बोरचा व्यास १८.५ मिमी, २० चा १५.६, त्यामुळं भिंत जाड राहील. शिवाय बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, हलकं काडतूस त्यांना सोसेल. ऐकायला बरं वाटतं, पण धीर होत नाही. दोन स्ट्रायकरमधलं (काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आपटणाऱ्या खिळ्यांमधलं) अंतर १२ बोरच्या हिशेबाचं आहे. २० च्या नळ्या जवळ आल्या तर स्ट्रायकर टोपीच्या मधोमध कसा बसेल? कुणी असं काम करून घेतलंय का? जुन्या नळ्यांना मात्र कानस लागू देणार नाही, हे पक्कं.

प्रतिसाद:

भाऊ, स्ट्रायकरची शंका बरोबर आहे. त्यासाठी मागच्या टोकाला दोन्ही नळ्यांचे मध्य १२ च्याच अंतरावर ठेवावे लागतात. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस मागं ओढून काढणारा भाग, नवा लागतो. दोन्ही नळ्यांचा मार एका जागी आणायचं काम वेगळंच, ते सगळ्यांना जमत नाही. आणि नळी नवी झाली तरी बॉडी अन् कुलूप जुनंच राहतं. बंद केल्यावर नळी हलत असेल तर विषय तिथंच सोडा.

मोठा धोका पुढं आहे. घरात दोन्ही मापांची काडतुसं असली आणि कधी जुन्या नळ्या चढवल्या, तर २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढं घसरून अडकतं. वरून नळी रिकामी वाटते. मागं १२ चं भरून चाप ओढला की नळी फुटते, हात जातो. म्हणूनच बाहेरदेशी २० ची काडतुसं पिवळी करायची रीत आहे.

कायद्याचंही बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटी नळीसुद्धा शस्त्रातच मोजली जाते, आणि कलम ५ प्रमाणं दुरुस्ती किंवा बदल लायसन्सधारक कारागिरानंच करायचा. बाबांच्या लायसन्सवर १२ बोर लिहिलंय. आधी कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर हातात आल्याशिवाय कारागिराला इसार देऊ नका. आणि कामानंतर प्रूफ चाचणी, म्हणजे नळी दाब सोसते का याची तपासणी, कुठं करून देणार, हे त्याला आत्ताच विचारा. तिथं तो अडखळला तर बंदूक घरीच बरी.